नांगराची परीक्षा

दाखला ही वस्तू आम्हां मुख्याध्यापकांच्या नित्य परिचयाची. जन्मतारखेचा, शाळा सोडल्याचा, चांगल्या वर्तणुकीचा असे नाना दाखले आमच्या सहीने निपाणीच्या पंचक्रोशीतून बाहेर पडतात आणि त्यांच्या बळावर कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला पोटापाण्याला लागतो. कागदाची किंमत आम्ही जाणतो. म्हणूनच नोकरदार मंडळींत अलीकडे ‘डिझाइन थिंकिंग’च्या प्रमाणपत्राचा जो बोलबाला झाला आहे, त्याला आम्हांला हसावेसे वाटत नाही. मात्र त्यात पारख नेमकी कशाची होते, हा प्रश्न मास्तरकीच्या सवयीने पडतोच.

ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याची अडचण आधी समजून घ्यावी, ती नेमक्या शब्दांत मांडावी, एकाऐवजी अनेक तोडगे सुचवावेत, कच्चा नमुना करावा आणि तो वापरणाऱ्याच्या हाती देऊन पारखावा, असा हा सारा विचार आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने या पाच पायऱ्यांचा जगभर प्रसार केला. नाव परके असले, तरी ही करणी बेळगावला परकी नाही.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपणामुळे त्यांना ती वाट सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनाकडे वळून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बेळगावी परतल्यावर सायकलींचा व्यापार सांभाळून त्यांनी शेतीची अवजारे करावयास घेतली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

आता एखाद्या परीक्षकाने या गृहस्थांना गुण तरी किती द्यावेत? रेखाटनाच्या कागदावर पाहिले, तर पैकीच्या पैकी. पहिल्या वर्षीच्या विक्रीवर पाहिले, तर सपशेल नापास. खरा परीक्षक होता शेतकरी, आणि त्याने निकाल द्यायला वेळ घेतला. हे कौशल्य दुसऱ्याच्या हातात गेल्यावर, आणि तेही सवडीने, दिसते. तासाभराच्या प्रश्नपत्रिकेत पायऱ्यांची नावे पाठ आहेत की नाहीत, एवढेच कळते.

हे सारे सुचण्याचे कारण आमचा एक जुना विद्यार्थी. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात तो वीस वर्षे आहे. ओतीव भाग यंत्रावर चढवताना कामगारांच्या कंबरेला रग लागे. हा दोन दिवस त्यांच्या शेजारी उभा राहिला, प्लायवूडची घोडी करून दिली. त्यांनी ती तीनदा नाकारली, चौथी स्वीकारली. बढतीच्या वेळी मात्र प्रमाणपत्र मागितले गेले. चार पर्यायांतून एक निवडायच्या चाळीस प्रश्नांत तो जेमतेम उत्तीर्ण झाला. ज्याने यंत्राजवळ कधी पाऊल टाकले नव्हते, तो पहिला आला. “गुरुजी, त्या तीन घोड्यांचे मार्क कुठं मिळत्यात?” त्याने विचारले.

म्हणून प्रमाणपत्रेच नकोत, असे म्हणणे सोपे आहे. ते आम्ही म्हणणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, चर्मकार अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देण्याची तरतूद झाली, आणि पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोयही. ज्याच्या बापजाद्यांना कोणी कागद दिला नाही, त्याला कागदाचे मोल विचारावे. तेव्हा भांडण कागदाशी नाही, पारखण्याच्या रीतीशी आहे.

चांगली रीत अशक्यही नाही. डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या आय.आय.टी.तर्फे जी ‘सीड’ परीक्षा होते, तिच्यात संगणकावरील प्रश्नांचा भाग पहिल्या चाळणीसाठी वापरला जातो; हाताने रेखाटून, विचार मांडून सोडवायचा भाग वेगळा तपासला जातो. अनुभवी माणसाची परीक्षा याच्याही पुढे जायला हवी. त्याने टाकून दिलेले नमुने मागवावेत, प्रत्येक का टाकला ते विचारावे. वस्तू वापरणाऱ्या दोघा-तिघांची साक्ष घ्यावी. मग एक अगदी नवी अडचण देऊन आठवडाभराने काय बदलले ते पाहावे. यास वेळ लागेल, खर्चही होईल. पण शंभर जणांना एका दिवसात दिलेल्या कागदापेक्षा दहा जणांना पारखून दिलेला कागद मालकाच्याही अधिक उपयोगी पडेल.

त्या विद्यार्थ्याला आम्ही चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला नाही. तीनही टाकाऊ घोड्यांची हकीगत, कामगारांच्या हरकती आणि त्यांवर त्याने केलेले बदल क्रमवार लिहून काढायला लावले, खाली त्या कामगारांच्या सह्या घ्यायला सांगितल्या. बढतीचा निकाल अजून लागलेला नाही. कागद मात्र त्याच्या साहेबांच्या टेबलावर आहे, आणि त्यावर आमची सही नाही, याचे आम्हांला समाधान आहे.