अरणी आणि आगपेटी

मालकी आणि कबजा यांत कायदा भेद करतो. कागद एकाच्या नावाचा असतो, जमीन दुसराच कसत असतो. विद्येचेही तसेच आहे. अरणिमंथनाने अग्नी सिद्ध होतो, हे देवळाच्या सावलीत वाढलेल्या आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण त्या विद्येचा कबजा कितीजणांकडे आहे?

चाळिशी उलटल्यावर मी सत्तरीच्या रानात एका वृद्ध धनगराकडे ती शिकावयास गेलो. साधने दोनच : कोयता आणि सुंभ. पडलेले लाकूड ओल धरते, म्हणून उभ्याने वाळलेले घ्यावयाचे. फळीला खाच, खाचेत काठी, काठीला सुंभाचे वेढे. मग ताक घुसळावे तसे घुसळणे. घर्षणाने ज्वाला निघत नाही, निघते ती काळी भुकटी. ती धुमसू लागली की सोडणाच्या कोरड्या काथ्यात ठेवून हलके फुंकावयाचे. तळहात सोलले, तिसऱ्या दिवशी अग्नी प्रसन्न झाला. वाट चुकलेला मनुष्य अन्नावाचून कित्येक दिवस काढतो, पाण्यावाचून जेमतेम तीन. आणि ओढ्याचे पाणी उकळल्यावाचून निर्धास्तपणे पिता येत नाही.

यज्ञशाळेतही क्रिया हीच. १९७५ साली केरळात पांजाळच्या अतिरात्रात नंबुद्री ऋत्विजांनी अरणीनेच अग्नी मथिला. तेथे ही विद्या मंत्राच्या आधाराने टिकली. धनगराकडे ती गरजेने टिकली होती. आता त्याचे मुलगे शहरात असतात आणि आगपेटी सर्वांच्याच खिशात आहे. विद्येला मृत्युपत्र करता येत नाही. ती हातातून हातातच जाते. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याची ठरविली. विद्याही त्याचीच.