गळका नळ, वायसर आणि सहावीचं गणित



आज पुस्तकातल्या धड्यावर नाही, आमच्या मोरीतल्या नळावर लिहिते आहे.

मार्च महिना होता. सहावीतली एक मुलगी तिसऱ्या तासाला वर्गात आली. मी जरा रागानेच विचारलं, "ही काय यायची वेळ झाली?" ती म्हणाली, "बाई, टँकर आलं होतं," आणि मान खाली घालून जागेवर बसली. बीड जिल्ह्यात शिकवणाऱ्याला हे उत्तर नवीन नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. पण लातूरला पाणी देणारं आणि तेव्हा कोरडं पडलेलं मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात धनेगावला आहे.

त्याच रात्री मला झोप येईना. मोरीतून आवाज येत होता, टप टप टप. तो नळ दिवाळीपासून गळत होता. घरात सगळ्यांना माहीत होतं. येता-जाता जो तो नळ आणखी जोरात पिळायचा, तेवढंच. सकाळी मी नळाखाली 200 मिलीचा पेला ठेवला. तो 20 मिनिटांत भरला. आता तुम्हीच मांडा: तासाला 600 मिली, दिवसाला 14 लिटर 400 मिली, 30 दिवसांत 432 लिटर. म्हणजे 200 लिटरचे दोन ड्रम भरून वर बत्तीस लिटर! आणि मी त्या लेकराला उशिराचं कारण विचारत होते.

प्लंबरला तीनदा फोन केला. "उद्या येतो मॅडम." शेवटी पाना घेऊन मीच बसले. काम अवघड नाही, पण क्रम चुकवू नका. आधी वरच्या टाकीचा कॉक बंद करा. मग नळ पूर्ण उघडून पाइपातलं उरलेलं पाणी बादलीत काढून घ्या. मुठीचा स्क्रू काढा, नळाला फडकं गुंडाळा (नाहीतर पान्याचे ओरखडे पडतात) आणि वरचा भाग आटे सोडवून काढा. आतल्या दांड्याच्या टोकाला एक काळं गोल रबर दिसेल. तोच वायसर.

आमचा वायसर बोटाने दाबला तरी दबेना, आणि त्यावर गोल खाच पडलेली. रबराचं काम मऊपणावर चालतं. दाबलं की ते पितळेच्या बारीकसारीक खाचांत शिरतं आणि पाण्याची वाट अडवतं. कडक झालं की शिरणार कसं? कुकरच्या रिंगचं तेच, आणि पुण्याला बहिणीकडे भांडी धुवायचं मशीन आहे, त्याच्या दाराच्या रबराचंही तेच. नळ जोरात पिळल्याने उलट वायसर लवकर खराब होतो. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं!

जुना वायसर नमुना म्हणून दुकानात नेला, अर्ध्या इंची नळाचा नवा आणला, बसवला. कॉक उघडला, आणि पुन्हा टप टप. खरं सांगते, रडू यायचं बाकी होतं. पुन्हा उघडून बॅटरी मारून आत पाहिलं. वायसर जिथे टेकतो त्या पितळी कडेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जमला होता. जुन्या टूथब्रशला लिंबाचा रस लावून घासलं, तर बारीक बुडबुडे आले. कार्बोनेटवर आम्लाची क्रिया! फळ्यावर इतकी वर्षं लिहिली, मोरीत पहिल्यांदा पाहिली. धुऊन पुन्हा बसवला, तेव्हा कुठे नळ गप्प झाला. (पाव फेऱ्यात उघडतो-बंद होतो अशा नव्या नळात बहुधा वायसर नसतो. त्याचा आतला अख्खा भागच बदलावा लागतो.)

मीरा रोडचे लेखक-व्यंगचित्रकार आबिद सुरती हेच काम लोकांच्या घरी जाऊन करत आले आहेत. 'बहादूर' ही चित्रकथा त्यांचीच. 2007 मध्ये त्यांनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केलं. दर रविवारी प्लंबरला सोबत घेऊन इमारतीत शिरायचं, दारं वाजवायची आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. रोग ओळखीचाच असायचा, झिजलेलं रबर.

सोमवारी तो जुना वायसर मी वर्गात नेला. पोरांनी तो हाताळला, वाकवून पाहिला. मग गृहपाठ दिला: घरातला गळका नळ शोधा, पेला भरायला लागणारा वेळ मोजा, महिन्याचा हिशेब मांडा. मी स्वतःवर खूश होते. तेवढ्यात तीच मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्याकडं नळच न्हाई."

मला पटकन काही सुचलं नाही. मी म्हणाले, "बरं, तुला दुसरं काही गळताना दिसलं तर ते मोज."

गुरुवारी ती पुन्हा उशिरा आली. मी काही विचारलं नाही. तिने वही पुढे केली. टँकर उभं असताना तिने त्याच्या मागच्या बंद कॉकखाली तांब्या धरला होता. वहीत लिहिलं होतं: 'तांब्या 1 लिटर. भरायला 2 मिनिटं.' पुढचा गुणाकार सगळ्या वर्गाने मिळून केला. आता टँकरवाल्या दादांशी कोण बोलणार, यावर पोरांची भांडणं चालू आहेत.