कडेची रिकामी रांग

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो १९९५ च्या दिवाळीत. कान्हे फाट्यावर आमचे भुसार मालाचे दुकान आणि त्याच्या मागे गोदाम. टाकव्याकडून, आंदर मावळातून येणारा इंद्रायणी तांदूळ हा आमचा मुख्य व्यापार. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, पुण्याहून ते यंत्र आणले, तेव्हा बाईने एकच अट घातली (आईला आम्ही बाई म्हणत असू आणि वडिलांना भाऊ). ज्या खेळात कोणी कोणाला मारत असेल, तो या घरात चालणार नाही. कॅसेटमध्ये खेळ पुष्कळ होते. पण कोठे बंदुका, कोठे ठोसे, आणि जो सर्वांत निरुपद्रवी वाटला त्यातही कासवांना तुडवीत पुढे जायचे. बाईच्या चाळणीत शेवटी राहिला तो टेट्रिस.

चार-चार चौकोनांच्या सात आकृत्या. एकेक वरून खाली येते. ती फिरवून योग्य जागी बसवायची. आडवी ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते, आणि ढीग वरपर्यंत पोहोचला की खेळ संपतो. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये तो रचला. नावात ग्रीक भाषेतला ‘टेट्रा’, म्हणजे चार, आणि त्यांचा आवडता टेनिस.

या खेळाच्या व्यापाराची कथा मला फार उशिरा कळली. पण आपल्यासारख्या व्यापारी घरांनी ती जरूर ऐकावी अशी आहे. रॉबर्ट स्टाइन या मध्यस्थांनी करारावर सही होण्यापूर्वीच खेळाचे हक्क पुढे विकले. त्या खरेदीदारांनी ते आणखी पुढे विकले. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेंक रॉजर्स हे व्यावसायिक मॉस्कोला गेले आणि त्यांनी तेथील सरकारी कचेरीत आपली टीव्हीवर चालणारी कॅसेट दाखवली. अधिकारी चकित झाले. असा हक्क आम्ही कोणाला दिलाच नाही, असे ते म्हणाले. मग स्टाइन यांच्या करारात ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या घालण्यात आली : ज्याला कीबोर्ड, मॉनिटर आणि डिस्क ड्राइव्ह आहे तो. त्या एका वाक्याने घरगुती गेमयंत्रे करारातून बाहेर पडली आणि त्यांचा हक्क निन्टेन्डोला मिळाला. दुसऱ्या एका कंपनीने बाजारात आणलेल्या कॅसेट त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकन न्यायालयाच्या आदेशाने मागे घ्याव्या लागल्या. आणि ज्याने खेळ रचला, त्या पाझित्नोव्ह यांना मानधन मिळू लागले ते १९९६ नंतर. आमची कॅसेट तर उघड उघड नक्कल होती, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

दादा आणि मी रात्री दुकान बंद झाल्यावर खेळत असू. माझी रीत एकच : ओळ भरली की मोडायची, कोठे तसूभरही जागा ठेवायची नाही. दादाचे वेगळे होते. तो उजव्या कडेची एक उभी रांग मुद्दाम मोकळी ठेवी आणि लांब काठीची वाट पाही. ती आली की चार ओळी एकदम जात. निन्टेन्डोच्या १९८९ च्या खेळात पहिल्या पायरीला एका ओळीचे ४० गुण, चार ओळी एकदम गेल्या तर १२००. चार वेळा चाळीस म्हणजे एकशे साठ. हिशेब मलाही येत होता. पण मोकळी जागा माझ्या डोळ्यांना सहन होत नसे.

पुढच्या मे महिन्यात भाऊ लग्नकार्यासाठी नगरला गेले आणि पोत्यांची थप्पी नव्याने लावून घेण्याचे काम माझ्याकडे आले. वय पंधरा. भाऊंच्या थप्प्या भिंतीपासून दीड हात दूर असत, खाली लाकडी फळ्या आणि दोन थप्प्यांमध्ये माणूस जाईल एवढी वाट. मला ती सगळी वाया गेलेली जागा दिसली. आमचे म्हातारे हमाल म्हणाले, “छोटे शेठ, भिंतीला नका लावू, मावळचा पाऊस आहे.” मी ऐकले नाही. संध्याकाळी गोदाम असे भरले होते की पोत्यापोत्यांत हात जाऊ नये. मी दारात उभा राहून बराच वेळ पाहत राहिलो. इतका आनंद मला त्या खेळानेही कधी दिला नव्हता.

भाऊ परतले तेव्हा पाऊस तोंडावर होता आणि गिऱ्हाइकांची घाई होती. पुढच्या पोत्यांतूनच विक्री होत राहिली. श्रावणात मागची पोती निघाली. भिंतीची ओल अकरा पोत्यांत उतरली होती आणि तांदळात सोंडे झाले होते.

पैशाचे नुकसान भाऊंनी एका ओळीत वहीत लिहिले. पण चातुर्मासात, आपल्याच गोदामात, एवढे जीव! उन्हात घालायचे नाही, औषध मारायचे नाही, पशुखाद्यासाठीही द्यायचे नाही. बाई, आजी आणि मी पडवीत बसून सतरा दिवस तांदूळ चाळला. निघालेले सोंडे मूठभर दाण्यांसह मडक्यात ठेवून सावलीत नेऊन ठेवायचे, हे काम माझे. भाऊ मला एक शब्दही बोलले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी उपवास केला. तो कशासाठी, हे कोणी विचारले नाही. मला त्या दिवशी जेवायला वाढले गेले आणि मी जेवलो, याची टोचणी आजही आहे.

त्यानंतर महिन्याभराने दादा खेळत असताना भाऊ पहिल्यांदाच टीव्हीसमोर येऊन बसले. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, “ती कडेची रांग रिकामी का ठेवतोस?” दादाने सांगितले. भाऊंनी मान हलवली, माझ्याकडे पाहिले आणि उठून दुकानात गेले. हमालांची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. ते हसले, म्हणाले, “पोरगं शिकतंय.”

जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली : अमेरिकेतील तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोचा तो जुना टेट्रिस इतका लांब खेळला की १५७ व्या पायरीवर खेळच गोठला. माणूस हरण्याऐवजी यंत्र थांबले, असे प्रथमच घडले. पुण्याहून दादाचा फोन आला, “अरे, एकशे सत्तावन्न!” आम्हा तांदूळवाल्यांना त्या आकड्याचे हसू येणारच. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातूनच तर वडगावच्या संशोधन केंद्रात आमची इंद्रायणी जन्मली.

भाऊ आता थकले आहेत. पण गोदामात रोज एक फेरी मारतात. त्यांना बातमी वाचून दाखवली. थप्पी आणि भिंत यांच्यामधल्या वाटेत काठी टेकून त्यांनी ती नीट ऐकली, मग विचारले, “त्या मुलाने कडेची रांग रिकामी ठेवली होती का?”

दादाला विचारून सांगतो, असे म्हणालो.