रूसोची पाच मुलं

परवा माळा आवरताना बी.एड.ची जुनी वही सापडली. पानं पिवळी पडलेली, पण रूसोवरचं टिपण अजून वाचता येतंय. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याला त्याच्या वयाप्रमाणे वाढू द्या, हा त्याच्या 'एमिल' (१७६२) या पुस्तकाचा गाभा. त्या वर्षी पॅरिस आणि जिनिव्हात ते जाळलं गेलं. मी मात्र त्याच विचारावर तीस वर्षं शिकवलं.

पुढे कळलं की याच रूसोने आपली पाचही मुलं जन्मताच पॅरिसच्या अनाथालयात सोडली होती. मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच ते लिहून ठेवलंय. त्या काळी तिथली बहुतेक बाळं वर्षभरही जगत नसत. फार संताप आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वाटलं, ही पानं फाडून टाकावीत.

मग माझंच आठवलं. पालकसभेत मी सांगायची, मुलांवर हात उगारू नका. आणि घरी? सतराचा पाढा चुकला म्हणून मुलाला फुटपट्टीने मारलं होतं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आज तो पन्नाशीला आलाय.

परवा फोनवर धीर करून विषय काढला. तो म्हणाला, "आई, तू सभेत सांगायचीस ते बरोबरच होतं. म्हणून तर मी माझ्या मुलीला कधी मारलं नाही. पण ती पट्टी मी विसरलो नाही हं."

यात सगळं आलं. माझ्या चुकीने विचार खोटा ठरला नाही, आणि विचार खरा होता म्हणून माझी चूकही माफ झाली नाही. ही दोन खाती वेगळीच ठेवायला हवीत.

फक्त एक करावं. माणूस जिथे घसरला, त्याच्या आसपासचं त्याचं लिखाण जरा तपासून घ्यावं. 'एमिल'मध्ये मुलींनी शिकायचं ते पुरुषाला सुखी ठेवण्यासाठी, असंही आहे. ज्याने मुलांच्या आईचं ऐकलं नाही, त्याने असं लिहावं यात नवल ते काय? तेवढं मी केव्हाच खोडलंय.

असो. वही पुन्हा माळ्यावर ठेवली. फुटपट्टी मात्र सापडली नाही. तुमच्या माळ्यावर काय काय आहे?