उलटी शाळा

मुरुडास आमच्या घराच्या ओटीवर गेल्या आश्विनांत एक वाद झाला आणि त्यांत आम्ही हरलों. छत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास हें लिहितांना जड जातें. पण घरांतील लहानथोर सर्वांनीं तो पराभव पाहिलाच आहे, तेव्हां वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं.

आमची धाकटी सून जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविते. रात्रीं आवराआवर झाली कीं ती माजघराचें दार लावून घेई आणि मोबाइलसमोर बसून एकटीच व्याख्यान देई. दहा-बारा मिनिटांचें तें व्याख्यान विद्यार्थ्यांनीं घरीं पाहून यावयाचें. वर्गांत मात्र तिनें प्रश्न घालावयाचा, मुलांना आपसांत भांडूं द्यावयाचें आणि आपण बाकांमधून फिरावयाचें. आम्हांस हें मुळींच रुचलें नाहीं. "सूनबाई, शिकविणें घरीं आणि गृहपाठ शाळेंत, ही उलटी गंगा कशासाठीं? मग मास्तरानें पगार कशाचा घ्यावयाचा?" असें आम्हीं विचारलें. ती हंसून म्हणाली, "मामंजी, आज रात्रीं तुम्हीच वर्गांत बसा."

जेवणें झाल्यावर तिनें प्रश्न घातला. लहानशा तळ्यांत होडी आहे, होडींत एक मोठा दगड आहे. तो उचलून तळ्यांत टाकला, तर तळ्याचें पाणी चढेल, उतरेल, कीं तेवढेंच राहील? प्रत्येकानें आधीं मुकाट्यानें उत्तर लिहावयाचें, मग शेजाऱ्याशीं वाद घालावयाचा. आम्हीं 'चढेल' असें ठळक अक्षरांत लिहिलें. दगड पडला म्हणजे पाणी वर येणारच, यांत विचार कसला! लहान शाळेंत संस्कृताच्या मास्तरास सामान्य विज्ञानाचेही तास पडत. आर्किमिडीजचा सिद्धान्त आम्हीं किती तुकड्यांकडून घोकून घेतला, याची गणती नाहीं. वडील बंधूंनीं 'तेवढेंच' लिहिलें. आमच्या शेजारीं नववींतील नात होती. ती म्हणाली, "आजोबा, दगड होडींत असतांना होडी त्याच्या वजनाइतकें पाणी बाजूला सारते. तळाशीं गेल्यावर तो फक्त आपल्या आकाराइतकेंच सारील. मग पहिलें पाणी जास्त नाहीं का?" आम्हीं तिला वडीलपणानें गप्प केलें.

अखेर न्हाणीघरांतील पितळी घंगाळ ओटीवर आलें. त्यांत पातेलें तरंगत ठेवलें, पातेल्यांत एक किलोचें लोखंडी वजन ठेवलें आणि पाण्याच्या कांठाशीं खडूची खूण केली. मग वजन उचलून तळाशीं सोडलें. पाणी चांगलें अर्धें बोट खालीं उतरलें! वजन पातेल्यांत असतां त्याच्यापायीं एक लिटर पाणी बाजूला सरतें. बुडाल्यावर त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकेंच. नातीनें टाळी वाजविली. बंधु कांहीं न बोलतां आंत गेले.

त्या रात्रीं आम्हांस झोप लागली नाहीं. चूक झाली याचें विशेष वाईट वाटलें नाहीं. वाटलें तें याचें, कीं पोर खरें सांगत असतां आम्हीं तिला गप्प बसविलें. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. प्रत्येक नियमावर "गुरुजी, पण असें कां?" म्हणून विचारी. आम्ही "आधीं पाठ कर" म्हणून त्याला बसवीत असूं. पुढें त्यानें विचारणें सोडलें, आणि प्रगतिपुस्तकांत आम्हीं 'वर्तन सुधारलें' असा शेरा मारला.

सकाळीं सूनबाईंस या पद्धतीचें मूळ विचारलें. हार्वर्ड विद्यापीठांतील एरिक माझुर यांचे विद्यार्थी अवघड उदाहरणें बिनचूक सोडवीत, पण साध्या समजुतीच्या प्रश्नास अडत. म्हणून १९९१ पासून त्यांनीं मुलांना वर्गांतच एकमेकांशीं वाद घालावयास लाविलें. पुढें २००७ सालीं कोलोराडोंतील बर्गमन आणि सॅम्स या रसायनाच्या दोन शिक्षकांनीं गैरहजर मुलांसाठीं पाठ चित्रित करण्यास आरंभ केला. दरम्यान १९९८ सालीं रिचर्ड हेक यांनीं ६,५०० हून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले होते. नुसतें व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षां वाद घालून शिकणाऱ्यांची समज सुमारें दुपटीनें वाढलेली दिसली. हें ऐकून आम्हांस हंसूं आलें. विद्येचा पाव हिस्सा सहाध्यायांकडून मिळतो, असें आमचे सुभाषितकार सांगून गेले आहेत. तें आम्ही फळ्यावर लिहीत असूं, आणि वर्गांत कोणी शेजाऱ्याशीं बोललें तर छडी उचलीत असूं.

तरी आमचा एक आक्षेप शिल्लक होता व तो खोटा नव्हता. सूनबाईंच्या वर्गांत एका कोळ्याची मुलगी आहे. घरांत फोन एकच, आणि तो बापाबरोबर होडीवर जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दिवस फोन घरीं. नारळी पौर्णिमा झाली कीं फोनही समुद्रावर. मुलगी पाठ न पाहतां येई आणि वादाच्या वेळीं मान खालीं घालून बसे. उलट्या शाळेंत न शिकलेला विद्यार्थी दोनदां मागें पडतो, असें आम्हीं म्हटलें. या वेळीं सूनबाई गप्प झाल्या. आठ दिवसांनीं त्यांनींच सांगितलें, कीं आतां त्या तासाभरापूर्वीं प्रयोगशाळा उघडतात आणि तेथील संगणकावर पाठ लावून ठेवतात. पहिल्या दिवशीं ती एकटी आली. आतां सातजण येतात, त्यांतल्या चौघांकडे फोन आहेत.

ओटीवरील वर्ग दर शनिवारीं चालू आहे. उद्यांचा प्रश्न असा: भांडें पाण्यानें कांठोकांठ भरलें आहे आणि वर बर्फाचा खडा तरंगतो आहे, तो वितळल्यावर पाणी सांडेल काय? आम्हीं उत्तर लिहून कागद अमरकोशांत दडविला आहे. नात दुपारपासून तो शोधते आहे.