नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर अवघ्या एका मात्रेचे. पहिले बारशाच्या दिवशी होते, दुसरे पुढे जन्मभर. जॉन कॅसाव्हेटिस यांच्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) या चित्रपटाच्या समीक्षेकडे मागे वळून पाहताना हे दोन्ही वाक्प्रचार एकमेकांत मिसळू लागतात.

चित्रपटाची जन्मकथा पुष्कळदा सांगून झाली आहे. दिग्दर्शकाने राहते घर गहाण टाकले, नट पीटर फॉक यांनी पदरचे सुमारे पाच लाख डॉलर घातले, आणि वितरक मिळेना तेव्हा कॅसाव्हेटिस यांनी स्वतःच तो चित्रपटगृहांपर्यंत नेला. नायिका मेबल झाल्या त्या त्यांच्या पत्नी जीना रोलंड्स. पडद्यावरची आई आणि सासू या दोघांच्या खऱ्याखुऱ्या मातोश्री.

पॉलिन केल यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये या चित्रपटावर जो प्रहार केला, त्याचा रोख स्पष्ट होता. वेड हे व्यक्तीत नसून कुटुंबाच्या परस्परसंबंधांत घडवले जाते, या आर. डी. लँग यांच्या त्या काळी गाजत असलेल्या प्रतिपादनाचे हे चित्ररूप. मेबल ही त्यातली निष्पाप बळी, आणि रोलंड्स यांचा अभिनय सामर्थ्यशाली खरा, पण अतोनात. केल यांची नजर तीक्ष्ण होती, यात शंका नाही. परंतु चित्रपटात निकचे घर मेबलबाबत जे करते, तेच येथे समीक्षा चित्रपटाबाबत करते: वागण्याचा अर्थ लागेना की त्याला आधी एक निदान चिकटवायचे. बचावकर्त्यांनीही फारसे वेगळे केले नाही. मेबलला पितृसत्तेची बळी म्हणा की मुक्त आत्मा, नाव ठेवण्याची घाई तीच.

न्याहारीच्या प्रसंगाकडे पाहावे. रात्रभर जलवाहिनीचे काम करून आलेले दहाएक मजूर निक सकाळी अचानक घरी आणतो. मेबल स्पॅगेटी शिजवते, प्रत्येकाची जातीने विचारपूस करते, एक जण गाऊ लागतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते. हे आतिथ्य नेमक्या कोणत्या क्षणी 'अति' होते? निक ओरडतो, आणि टेबल गप्प होते. म्हणजे मर्यादा ओरडण्याने निर्माण झाली, आधी ती कोणालाच दिसली नव्हती. लँग यांचा सिद्धान्त येथे लागू पडतो, हे केल यांचे म्हणणे मान्यच करावे लागेल. मात्र सिद्धान्ताला निकचा गोंधळ, त्याचे मेबलवरचे प्रेम आणि मजुरांची ओशाळलेली नजर यांचे काय करायचे ते कळत नाही.

रे कार्नी यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात कॅसाव्हेटिस यांची पात्रे अमूर्त कल्पनांत विरघळवण्यास ठाम नकार दिला. तो नकार मोलाचा. पण त्याचीही एक किंमत आहे, आणि ती कार्नी यांच्या भक्तिभावात दडून जाते. निक मेबलवर हात उचलतो. त्या कृतीला नाव न देणे ही समीक्षेतील सूक्ष्मता नव्हे, ती शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेण्यासारखी गोष्ट होय.

सहा महिने रुग्णालयात काढून मेबल परत येते, त्या संध्याकाळी ती वडिलांना आपल्यासाठी उभे राहायला सांगते. वडील खुर्चीतून उठून उभे राहतात. ते बावरलेले आहेत. लेक बसायला सांगते, आणि पुन्हा तेच मागते. शब्दाचा वाच्यार्थ पुरा झाला आहे, आणि मागणे जसेच्या तसे शिल्लक आहे. या चित्रपटावरची बरीचशी समीक्षा, प्रतिकूल आणि अनुकूलही, त्या वडिलांसारखी उठून उभी राहिली.

१९७५ साली रोलंड्स आणि कॅसाव्हेटिस या दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार मिळाला नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत या कृतीचा समावेश झाला. म्हणजे तिला अखेर एक सन्मानाचे नाव मिळाले. शेवटच्या दृश्यात मात्र मुले झोपलेली आहेत, नवरा-बायको पसारा आवरून अंथरूण घालत आहेत. फोन वाजतो आहे, आणि दोघांपैकी कोणीही तो उचलत नाही.