तुमचा मेडिक्लेम आहे का?

माझ्याकडे गेली बारा वर्षं येणारे एक सुतारकाम करणारे पेशंट आहेत. मागच्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी वेळेत झाली, जीव वाचला. महिन्याभराने फॉलोअपला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, बिल भरायला मशीन विकलं. आता काम कशावर करू?" बारा वर्षं मी त्यांचं बीपी आणि शुगर तपासत होतो. मेडिक्लेम आहे का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

नोकरदाराला बहुधा कंपनीचा विमा असतो, पगारी रजा असते. दुकानदार, रिक्षाचालक, शिंपी किंवा माझ्यासारखा स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, आपलं तसं नाही. ॲडमिट झालो की बिल सुरू होतं आणि त्याच दिवशी कमाई थांबते.

सर्दी-तापाचा खर्च खिशातून होतो. विमा हवा तो घर हलवणाऱ्या खर्चासाठी. त्यासाठी 'सुपर टॉप-अप' पॉलिसी असते. समजा, तिची मर्यादा ५ लाख आहे. तेवढा खर्च तुम्ही साध्या पॉलिसीतून किंवा बचतीतून करायचा, त्यावरचा विमा कंपनी देते. म्हणूनच तिचा हप्ता बराच कमी असतो.

'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यांत मात्र गल्लत करू नका. वर्षात दोनदा ॲडमिट झालात, दर वेळी बिल ४ लाख. टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतं, त्यामुळे काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतं, ८ लाखांतले ३ लाख मिळू शकतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. तुमच्या जवळचं कोणतं, हे आजच विचारून ठेवा. आमच्या सुतारकाकांना नेलं ते रुग्णालय योजनेत नव्हतं.

शेवटचं. "डॉक्टर, केसपेपरवर शुगर लिहू नका, पॉलिसी काढायचीय," असं बरेच जण सांगतात. मी लिहितोच. आधीचा आजार खरा सांगितलात, तर त्यासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. लपवलात, तर नेमका गरजेच्या वेळी क्लेम नाकारला जाऊ शकतो.

पुढच्या वेळी बीपी मोजताना मी हा प्रश्न विचारणार आहे. उत्तर तयार ठेवा.